शिवेवरची शास्त्रे

शाळेचे वेळापत्रक आपल्या सर्वांच्या मनावर लहानपणीच एक संस्कार करून ठेवते. पहिला तास भाषेचा, दुसरा गणिताचा, तिसरा जीवशास्त्राचा. घंटा झाली की एक शास्त्र वर्गाबाहेर जाते आणि दुसरे आत येते. पुढे जन्मभर आपण असेच मानून चालतो, की रोगाचे ते डॉक्टरांनी पाहावे, पिकाचे शेतकऱ्याने पाहावे आणि यंत्राचे इंजिनियराने. वेळापत्रकाच्या या चौकटी आखण्याचे काम आम्ही कित्येक वर्षे करीत आलो आहोत, आणि शाळा चालवायची तर त्या आखाव्याच लागतात. परंतु अलीकडे जे संशोधन जगात व आपल्या देशात चालले आहे ते वाचू लागलो, की या चौकटी केवळ घंटेच्या सोयीसाठी आहेत, निसर्गाला त्यांची काही खबर नाही, असेच वाटू लागते.

आमचे भैंसा हे गाव शिवेवरचे. १९५६ साली हैदराबाद संस्थानचे तीन वाटे झाले. मराठवाडा तिकडे गेला आणि आम्ही आदिलाबाद जिल्ह्यासह आंध्र प्रदेशात आलो. २०१४ साली तेलंगण राज्य झाले आणि २०१६ साली जिल्हाही बदलून आम्ही निर्मलचे झालो. घरात मराठी, मोंढ्यावर तेलुगू आणि उर्दू, कचेरीत आणखी निराळी भाषा, असा आमचा दिवस जातो. शिवेवर राहणाऱ्याला दोन्हीकडचे समजावे लागते. न समजल्यास त्याचा निभाव लागत नाही. आजच्या शास्त्रज्ञाची गत अशीच झाली आहे, आणि याचा पुरावा पाहण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. आमच्या गावाभोवतीची काळी जमीन आणि तीत उभी असलेली कपाशी एवढा पुरावा पुरेसा आहे.

या भागात एके काळी ‘गावरानी’ नावाची देशी कपाशी होत असे. नांदेड, परभणी आणि आदिलाबाद या पट्ट्यातील हा कापूस बाजारात नावाजलेला होता. पुढे लांब धाग्याच्या अमेरिकन जाती आल्या. १९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ ही कपाशीची संकरित जात दिली; व्यापारी लागवडीसाठी निघालेली ती जगातील पहिली संकरित कपाशी. १९८०च्या दशकात नांदेडच्या केंद्राने ‘एनएचएच-४४’ दिली आणि आमच्याकडील किती तरी घरांच्या माळवदांवर त्या कपाशीच्या पैशाने पत्रे चढले. आमचे थोरले बंधू आजही शेती पाहतात. ‘चव्वेचाळीस’ हा आकडा उच्चारताना त्यांचा स्वर आपोआप मृदू होतो.

त्यानंतर २६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारने बीटी कपाशीच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. हे बियाणे आणणारी कंपनी जालन्याची. तिचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले हे हिंगोलीत जन्मलेले, म्हणजे आमच्याच जुन्या संस्थानातले. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला होता. बीटी म्हणजे काय, हे मात्र ते पेरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना कुणी समजावून सांगितले. मातीत सापडणारा एक जीवाणू आहे. १९०१ साली जपानमध्ये रेशमाचे किडे मरू लागले तेव्हा तो प्रथम ध्यानात आला, आणि १९११ साली जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात पिठातील किडीच्या अभ्यासात पुन्हा आढळला, म्हणून त्या प्रांताचे नाव त्याला चिकटले. हा जीवाणू एक प्रथिन तयार करतो. अळीच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात ते विरघळते, आतड्याच्या अस्तराला चिकटते आणि त्याला छिद्रे पाडते. माणसाच्या जठरातील रस आम्ल असतो आणि ते प्रथिन ज्यांना चिकटते त्या जागाही आपल्या आतड्यात नसतात. या जीवाणूचे ते प्रथिन घडविणारे जनुक कपाशीत बसविले, एवढाच बीटीचा अर्थ. म्हणजे रेशमाच्या किड्यांचा रोग, पिठातील कीड, जीवाणूशास्त्र आणि अनुवंशशास्त्र एवढ्यांनी मिळून आमच्या बंधूंच्या शेतातील बोंडे राखली.

ती राखली, पण कायमची नव्हे. शेंदरी बोंडअळी ही मूळची इथलीच. १८४०च्या दशकात भडोचच्या कपाशीवरूनच तिची शास्त्रीय नोंद प्रथम झाली. २०१० साली गुजरातेतील काही जिल्ह्यांत ही अळी पहिल्या बीटीला दाद देत नाही, हे बियाणे कंपनीनेच जाहीर केले. दोन जनुकांचे बीटी २००६ सालीच आले होते. तेही पुढे निष्प्रभ ठरू लागले आणि २०१७च्या हंगामात महाराष्ट्रातील कपाशीची मोठी हानी झाली. याचे कारण शेतीत कमी आणि अनुवंशशास्त्रात अधिक होते. हजारो अळ्यांत एखादीच अशी असते की तिला हे विष बाधत नाही. बाकीच्या मेल्या की तिची संतती तेवढी उरते. म्हणून बीटीच्या पाकिटाबरोबर साध्या कपाशीचे लहान पाकीट देत असत. शेताच्या कडेने ती साधी कपाशी लावावी, तीवर नेहमीच्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा या विषाला न जुमानणाऱ्या पतंगांशी संयोग व्हावा आणि तो गुण संततीत पातळ होत जावा, अशी ती योजना. पण शत्रूला शेताच्या कडेला पोसायचे, हे कोणत्या शेतकऱ्याच्या गळी उतरणार? ती लहान पाकिटे घरोघर कोनाड्यात पडून राहिली. जनुक शेतापर्यंत आले. जनुकाचे शास्त्र मात्र मोंढ्यापर्यंतही आले नाही.

याच अळीचे अमेरिकेत काय झाले ते पाहण्यासारखे आहे. तेथे शेतकरी, सरकार आणि शास्त्रज्ञ यांनी मिळून एक मोहीम आखली. बीटी कपाशी होतीच. तिच्या जोडीला प्रयोगशाळेत पतंग वाढवून त्यांना किरणोत्साराने वांझ करण्यात आले आणि विमानांतून ते शेतांवर सोडण्यात आले. शेतातील पतंगांचा त्यांच्याशी संयोग झाला तरी संतती होत नाही. शिवाय मादीच्या कामगंधाचा वास शेतभर पसरवून नरांची दिशाभूल करण्यात आली. उत्तर मेक्सिकोतील शेतकरीही या कामात सामील झाले. २०१८ साली अमेरिकेने ही अळी आपल्या कपाशीतून हद्दपार झाल्याचे जाहीर केले. अणुशास्त्र, रसायनशास्त्र, कीटकशास्त्र आणि अनुवंशशास्त्र एका शेतात उतरले तेव्हा हे साधले. आपल्याकडे शेते लहान, हंगाम लांब. तेथले सगळे येथे जसेच्या तसे जमणार नाही. तरी कामगंध सापळे आता आमच्या शिवारातही दिसतात. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने तर सापळ्यात कॅमेरा बसवून, अडकलेले पतंग यंत्राकडूनच मोजून घेऊन, त्याची वर्दी शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठविण्याची युक्ती काढली आहे. पण सगळ्यात स्वस्त उपाय आजही जुनाच आहे: डिसेंबर संपताच फरदडीचा मोह सोडावा, पऱ्हाटी उपटावी, तिचे ढीग घराशेजारी रचून ठेवू नयेत आणि जिनिंगच्या आवारात सरकीबरोबर आलेल्या अळीचा बंदोबस्त करावा. भैंशासारख्या जिनिंगच्या गावाने हे शेवटचे तरी विसरू नये.

आता वैद्यकाकडे वळू. ते दूर नाही. एका फवारणीपंपाइतके जवळ आहे. २०१७च्या त्याच पावसाळ्यात आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कपाशी पुरुषभर वाढलेली, हवा दमट, अंगावर साधा सदरा, तोंडाला फार तर उपरणे, आणि पंपात दोन-तीन औषधांचे मिश्रण. बीटी थकले म्हणून फवारणी वाढली. फवारणी वाढली म्हणून माणूस पडला. त्या माणसाला वाचवायचे तर पंपात कोणते विष होते हे डॉक्टरला कळायला हवे, कारण एका वर्गातील विषावर जो उतारा चालतो तो दुसऱ्यावर चालत नाही, आणि काही विषांवर तर उताराच नाही. म्हणून रुग्णासोबत डबाही दवाखान्यात न्यावा, एवढे एक वाक्य तरी गावोगाव कोणीतरी सांगायला हवे होते. ते शेतीखात्याचे काम की आरोग्यखात्याचे? दोन्ही खात्यांच्या शिवेवर जे काम पडते ते बहुधा कोणाचेच नसते.

शास्त्रांची ही शीव कोठे कोठे पुसली जाते, याचे आणखी एक उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातले आहे. दही लावणारा जो जीवाणू, त्याच्या कुळातील विरजणे परदेशांतील दुग्धव्यवसायात मोठ्या प्रमाणावर वापरतात. या जीवाणूंनाही विषाणूंचा उपद्रव होतो आणि विरजण बिघडते. २००७ साली डेन्मार्कच्या एका कंपनीतील रोडोल्फ बारांगू आणि फिलिप होर्व्हाथ या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की एकदा येऊन गेलेल्या विषाणूचा तुकडा हे जीवाणू आपल्या जनुकसंचात खूण म्हणून ठेवून घेतात आणि तो पुन्हा आला की त्याला ओळखून कापून टाकतात. या ओळखून कापण्याच्या व्यवस्थेस ‘क्रिस्पर’ म्हणतात. २०१२ साली इमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना या दोन विदुषींनी तीच व्यवस्था आपल्याला हवी तेथे चालविता येईल अशी कात्री करून दिली, आणि २०२० साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. विरजण बिघडू नये म्हणून चाललेल्या अभ्यासाचा धागा असा जनुकांच्या कात्रीपर्यंत पोहोचला.

ही कात्री हैदराबादपर्यंत आली आहे. राजेंद्रनगरच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेने, आपण तेलंगणातील घरांत ज्याला ‘बीपीटी’ म्हणतो त्याच सांबा मसुरी तांदळाचे एक जनुक या कात्रीने दुरुस्त करून ‘कमला’ ही जात तयार केली. मे २०२५मध्ये तिची आणि दिल्लीच्या संस्थेने तयार केलेल्या आणखी एका जातीची घोषणा झाली. कमला सुमारे २० दिवस आधी तयार होते व उत्पन्न १९ टक्क्यांनी अधिक देते, असे घोषणेत सांगितले गेले. चाचण्यांच्या आकड्यांवर काही संघटनांनी आक्षेपही घेतले आहेत. बीटीत परक्या जीवाणूचे जनुक आणले होते. येथे बाहेरचे काही न आणता भाताच्याच अक्षरात दुरुस्ती केली आहे. हा फरक समजून घेतल्याशिवाय टाळ्या वाजविणे आणि दगड मारणे, दोन्ही व्यर्थ आहे.

आणि हीच कात्री आता माणसाच्या रक्तापर्यंत पोहोचली आहे. आदिलाबादच्या डोंगराळ भागातील गोंड, कोलाम आदी बांधवांत आणि विदर्भातील अनेक समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. रक्तातील लाल द्रव्याच्या जनुकात एकच अक्षर बदललेले असते. तेवढ्याने रक्तकण प्राणवायू सोडताना विळ्यासारखे वाकडे होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फुटल्यासारखी वेदना होते. भारतात या विकाराची नोंद प्रथम १९५२ साली निलगिरीत झाली. एकाच पालकाकडून हे जनुक आले तर माणूस केवळ वाहक असतो, बहुधा निरोगी. इतकेच नव्हे, तर हिवतापाच्या जीवघेण्या माऱ्यापासून त्याला काही संरक्षण मिळते, हे १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी दाखविले. जेथे जंगल आणि हिवताप, तेथे हे जनुक का टिकून राहिले, याचे उत्तर त्यात आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे या विकाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली; ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे तिचे उद्दिष्ट आहे.

या मोहिमेचे एक कार्ड आमच्या कचेरीतील टेबलावर आले. वसतिगृहात राहून आमच्याकडे शिकणाऱ्या, नारनूरकडील एका मुलीचे ते होते. तिचे वडील कापूस घेऊन मोंढ्यावर आले होते. गाडी खाली होताच तसेच, डोक्याला कापसाचे तंतू चिकटलेले, शाळेत आले. कार्डावर ‘वाहक’ असा शिक्का होता. ते उभेच राहिले आणि म्हणाले, “सर, आमच्या पोरीचं रक्त खराब आहे म्हणतात. हिचं लगन होईल का?”

आम्ही त्यांना बसविले. आमचा विषय मराठी. वैद्यकाचा अधिकार आम्हांला नाही. पण त्या क्षणी त्या बापासमोर बसलेला, त्याची भाषा येणारा माणूस आम्हीच होतो. जीवशास्त्राच्या शिक्षकांना बोलावून आम्ही फळ्यावर चार चौकोन काढले. चौकोनांकडे ते नुसते पाहत राहिले. मग आम्ही विचारले, “संकरित कपाशीची सरकी तुम्ही पुढल्या साली पेरता का?”

ते म्हणाले, “नाही. साऱ्या झाडांचा मेळ राहत नाही. कोणतं बापावर जातं, कोणतं मायवर.”

“मग हे तसेच आहे,” आम्ही म्हणालो. “मुलीच्या अंगात एक दाणा या गुणाचा आहे, एक चांगला. चांगला दाणा तिला सांभाळतो. तिचा नवरा जर चांगल्या दोन दाण्यांचा असेल, तर लेकरांना हा आजार होणार नाही. दोघेही एकेका दाण्याचे असले, तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक धोका.”

त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, “मंजे पोरगी खराब नाही. पोरगं पाहताना कार्ड पाहायचं.”

मेंडेलने १८६६ साली वाटाण्यावरून जे सिद्धांत मांडले, ते या गृहस्थांनी कपाशीवरून पाच मिनिटांत आत्मसात केले. शेतीचे ज्ञान त्यांच्यापाशी होतेच. त्याच्या आणि कार्डाच्या मध्ये कोणी एक साकव घातला नव्हता, एवढेच. ते गेल्यावर आम्ही शिक्षकांची बैठक घेऊन काही गोष्टी ठरविल्या. ज्या मुलांना हा आजार आहे त्यांना तासाला पाणी पिण्याची आणि लघवीला जाण्याची मोकळीक द्यावी. थंडीत पहाटेची कवायत वा उन्हातील धावणे त्यांच्याकडून करून घेऊ नये. आणि मूल हातपाय दुखतात म्हणून रडले तर ‘ढोंग करतो’ हा शब्द शाळेत कोणी उच्चारू नये. कार्ड कोणाचे काय, हे वर्गात कधीही वाचून दाखवू नये, हेही ठरले. कारण अपुऱ्या ज्ञानाचा शिक्का हा आजाराहून वाईट असतो. ‘खाण तशी माती’ ही म्हण आपण फार सहज वापरतो; एखाद्या मुलीच्या आयुष्यावर ती किती निर्दयपणे पडेल याचा विचार करीत नाही.

उपचाराचे काय, असे वाचक विचारतील. हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली अनेकांना दिलासा देते. क्रिस्परच्या कात्रीने रुग्णाच्याच पेशी दुरुस्त करून त्या परत देण्याच्या उपचाराला २०२३च्या अखेरीस प्रथम ब्रिटनने आणि मग अमेरिकेने मान्यता दिली. त्याची अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांहून अधिक. कापसाच्या किती गाड्या झाल्या म्हणजे एवढी रक्कम होते, हा हिशेब आम्ही मुलांना घातला नाही. परंतु नोव्हेंबर २०२५मध्ये दिल्लीच्या शासकीय संशोधन संस्थेने स्वतः घडविलेल्या कात्रीवर आधारलेला ‘बिरसा १०१’ हा उपचार पुढे आला आणि त्याचे तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला देण्यात आले. बिरसा मुंडांचे नाव त्याला दिले हे उचित झाले. मात्र नावाने रोग बरा होत नाही. चाचण्यांचा टप्पा पार पडून हा उपचार आदिलाबादच्या सरकारी रुग्णालयापर्यंत, आणि तोही परवडणाऱ्या मोलात, आला तरच त्या नावाचे सार्थक होईल.

आम्ही शास्त्राचे भाट नाही. २००९ साली सरकारी संस्थांनी आणलेली बीटी कपाशी, तीत खाजगी कंपनीचेच जनुक आढळल्याने मागे घ्यावी लागली होती. शास्त्रज्ञांतही गफलती होतात आणि लोभही असतो. शास्त्रावर आंधळा विश्वास नको, तसा आंधळा संशयही नको. या दोहोंच्या मध्ये जी डोळस जागा आहे ती भाषेची आहे. ज्याला आपल्या भाषेत प्रश्न विचारता येतो त्याला कोणी सहजी फसवू शकत नाही.

आणि म्हणून या मासिकाच्या वाचकांना एक विनंती. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतून आज डॉक्टर आहेत, कृषी पदवीधर आहेत, संगणकाचे तज्ज्ञ आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांचे शिक्षण इंग्रजीत झाले आणि मराठी केवळ आजीशी बोलण्यापुरती उरली. मराठी टिकावी म्हणून आपण गणेशोत्सव करतो, नाटके बसवितो, ते करावेच. पण भाषा केवळ सणावारी नेसण्याच्या पैठणीसारखी ठेवली तर तिला कसर लागते. ती रोजच्या कामाच्या लुगड्यासारखी वापरात हवी. आपल्यातील प्रत्येक जाणत्याने वर्षातून एक पान, आपल्या विषयाबद्दल, एखाद्या कापूस विकायला आलेल्या बापाला समजेल अशा मराठीत लिहावे. औषधाच्या डब्यावरील चिन्हांचा अर्थ, रक्तचाचणीच्या कागदावरील आकडे, नव्या बियाण्याच्या पाकिटावरील मजकूर, विषय कितीतरी आहेत. अशी पाने आमच्या शाळेकडे आली तर आम्ही ती फळ्याशेजारी लावू. मोंढ्याच्या दिवशी शाळेत येणारी माणसे ती वाचतील. ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्यांची मुले वाचून दाखवतील.